कामावरची इजा आणि कागदावरचे शब्द

आरोग्याच्या या सदरात आज औषधांविषयी थोडे आणि शब्दांविषयी जास्त लिहिणार आहे. कारण कामावर इजा झालेल्या माणसाला जखमेतून बरे करणे आमच्या हातात असले, तरी पुढे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई मिळणार की नाही, हे पुष्कळदा पहिल्या दिवशी केसपेपरवर काय लिहिले गेले यावर ठरते. आपल्या वर्धा जिल्ह्यात कपाशीवरची फवारणी, सोयाबीनची मळणी, जिनिंग, बांधकाम आणि कारखाने ही सगळी कामे आहेत. त्यात इजा होणारा माणूस बहुधा गरीब असतो. दवाखान्यात आल्यावर "कसे लागले?" असे विचारले, तर तो खाली पाहून "असंच लागलं, साहेब" म्हणतो. सोबत आलेला मुकादम डोळ्यांनी खुणावत असतो. ही दोन शब्दांची सवय किती महाग पडते, ते आज पाहू.

'विष घेतले' की 'विषबाधा झाली'?

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. शासनाला चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. काहींनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली होती. तोंडाला फडके, हातात मोजे, असे काही नव्हते.

आता यातली दुसरी बाजू पाहा. आपल्याकडे कीटकनाशकाने अत्यवस्थ झालेला माणूस आला की पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका आत्महत्येची येते. फवारणीतून झालेली विषबाधा आणि पिऊन झालेली विषबाधा यांची लक्षणे पुष्कळशी सारखीच असतात : दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, छातीत घरघर, स्नायू थरथरणे. केवळ रुग्णाकडे पाहून डॉक्टरला फरक नेहमीच कळतो असे नाही. नातेवाइकांनी घाबरून काहीच सांगितले नाही, तर कागदावर नुसते 'कीटकनाशकाची विषबाधा' एवढेच येते. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात योजनेत अपघाती विषबाधा बसते, आत्महत्या बसत नाही. म्हणजे 'सकाळपासून शेतात फवारणी करीत असताना चक्कर व उलट्या सुरू झाल्या' हे एक वाक्य कागदावर असणे आणि नसणे यात घरच्यांच्या पुढल्या काही वर्षांचा फरक पडतो.

म्हणून खरे असेल ते स्पष्ट सांगा. कोणते औषध, किती वेळ फवारले, कोणाच्या शेतात, लक्षणे किती वाजता सुरू झाली. औषधाचा डबा किंवा वेष्टन सोबत आणा. त्याचा उपयोग कागदासाठी तर आहेच, पण आधी उपचारासाठी आहे, कारण प्रत्येक विषावर उतारा सारखा नसतो. डब्यावरचा त्रिकोण पाहण्याची सवय ठेवा : लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असा मात्र समज करून घेऊ नका.

'कामामुळे व कामाच्या ओघात'

भरपाईच्या कायद्याचा कणा म्हणजे हे शब्द. इजा कामामुळे झालेली असावी आणि काम चालू असताना झालेली असावी. कामगारांच्या भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा, तर कामगार राज्य विम्याचा १९४८ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले गेले आहेत. नाव बदलले, तरी खाली सांगितलेल्या कल्पना त्याच आहेत.

कामाचा ओघ केवळ यंत्रासमोर उभे असण्यापुरता नसतो. धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) भागातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. भरपाईचा वाद बावीस वर्षे चालला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा संबंध जुळत असेल, तर कामाच्या ओघातलाच धरावा. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. तेव्हा पाळीला जाताना रस्त्यावर अपघात झाला, तर 'कामावर जात असताना' हे शब्द कागदावर येऊ द्या.

कामगार कोणाला म्हणायचे?

आपल्याकडे समज असा, की कामगार म्हणजे कारखान्यातला, हजेरीपटावर नाव असलेला माणूस. कायद्याच्या परिशिष्टात मात्र कामांची लांबलचक यादी आहे. त्यात यांत्रिक मळणी व कापणीचे काम आहे, ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या साधनांनी केलेली शेती आहे आणि शेतात कीटकनाशके फवारण्याचे कामही आहे. म्हणजे थ्रेशरवर पेंढ्या टाकणारा रोजंदार मजूर आणि पाठीवर पंप घेऊन फवारणारा सालदार, हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने भरपाईला पात्र असू शकतात. रोजंदारीवर आहे म्हणून तो आपोआप बाहेर पडत नाही.

शेतमालक वाचकांना हे वाचून धास्ती वाटेल. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, थ्रेशरच्या पट्ट्यावर आणि तोंडावर संरक्षक जाळी ठेवा. सैल कपडे, उपरणे, साडीचा पदर यंत्राजवळ येऊ देऊ नका आणि थकलेल्या माणसाला रात्री यंत्रावर उभे करू नका. दुसरी, मालकाच्या या जबाबदारीचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे काढता येतो. पाच-दहा माणसे कामाला लावणाऱ्याने, विशेषतः थ्रेशर भाड्याने फिरवणाऱ्याने, त्याची चौकशी जरूर करावी.

अपंगत्वाचे तीन प्रकार

पहिला, तात्पुरते अपंगत्व. हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर, मग पुन्हा कामावर. या काळात मालकाने मजुरीच्या पंचवीस टक्के रक्कम पंधरवड्याच्या हिशेबाने द्यायची असते. कामावरच्या इजेवरील औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडेच असतो.

दुसरा, कायमचे अंशतः अपंगत्व. येथे परिशिष्टात टक्के ठरवून दिलेले आहेत. पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के.

तिसरा, कायमचे पूर्ण अपंगत्व. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे जाणे, म्हणजे शंभर टक्के.

आता हिशेब पाहू. तीस वर्षांच्या मजुराची महिन्याची मजुरी १२,००० रुपये आहे असे धरा. मजुरीचे साठ टक्के म्हणजे ७,२००. वयानुसार एक गुणक ठरलेला असतो, तो तिशीसाठी २०७.९८. दोहोंचा गुणाकार १४,९७,४५६ रुपये. अंगठा गेला असेल तर त्याचे तीस टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख ४९ हजार रुपये. मृत्यू झाल्यास मजुरीचे पन्नास टक्के धरून तोच गुणक लावतात, म्हणजे १२,४७,८८० रुपये. अंगठा गेलेल्या मजुराला पाच-दहा हजार रुपये देऊन 'मिटवले' असे जेव्हा कानावर येते, तेव्हा हा हिशेब आठवावा.

'अपंगत्व' आणि 'कमाईची क्षमता'

हे दोन शब्द सारखे वाटतात, पण सारखे नाहीत. दिव्यांग प्रमाणपत्रावर शरीराचे किती नुकसान झाले याचे टक्के असतात. भरपाईच्या कायद्यात प्रश्न वेगळा असतो : हा माणूस आता आपल्या कामातून किती कमावू शकेल? या फरकावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा एक प्रसिद्ध निकाल आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे टक्के कमी भरत होते. न्यायालयाने म्हटले, की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. तेव्हा डॉक्टरकडून प्रमाणपत्र घेताना आपण नेमके काय काम करत होतो, हे त्यांना सांगा. शिंप्याची तर्जनी आणि रखवालदाराची तर्जनी एकाच मापाने मोजता येत नाही.

'मुख्य मालक'

२० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी आपल्या पुलगाव दारूगोळा भांडाराच्या सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम सुरू असताना स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. त्यांत ठेकेदारामार्फत कामावर आलेले जवळपासच्या गावांतले मजूरही होते. ३ फेब्रुवारी २०२१ रोजी भूगावच्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या देखभालीच्या वेळी तीसहून अधिक कामगार भाजले.

अशा प्रसंगी प्रश्न येतो, की ठेकेदाराच्या माणसाचा मालक कोण? कायद्याचे उत्तर असे, की ज्याचे काम चालू होते आणि ज्याच्या जागेत चालू होते, त्या मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते. त्याने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार पळाला किंवा त्याच्याजवळ पैसे नाहीत, ही सबब मजुराच्या वाट्याला येत नाही. म्हणून इजा झाल्यावर ठेकेदाराच्या नावाबरोबर कामाची जागा कोणाची, हेही लिहून घ्यावे.

चूक मजुराची असेल तर?

"त्याचीच चूक होती" हे वाक्य दवाखान्यात हमखास ऐकू येते. या भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि मजुराचा साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचे कारण नाही. मजूर दारूच्या अमलाखाली होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा यंत्रावरचे संरक्षण मुद्दाम काढले, असे असेल तर मालकाला सूट मागता येते. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर हीही सूट चालत नाही.

आणखी एक. मृत्यूच्या प्रकरणात घरी आणून दिलेले रोख पैसे म्हणजे भरपाई नव्हे. ती रक्कम कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते व तेथून वारसांना मिळते. 'आमची आता काही मागणी नाही' असे लिहिलेल्या स्टॅम्पपेपरावर विधवेचा अंगठा घेतला, तरी त्यामुळे तिचा हक्क बुडत नाही. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही, तर बारा टक्के सरळ व्याज लागते आणि सबळ कारण नसल्यास पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

'व्यावसायिक आजार'

सगळ्या इजा रक्ताने दिसत नाहीत. जिनिंग आणि सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती आवळल्यासारखी होते. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी हा त्रास सर्वांत जास्त असतो, पुढे आठवड्यात कमी होतो. वर्षानुवर्षे धुळीत काम केल्यावर मात्र दम कायमचा मागे लागतो. हिंगणघाट परिसरातल्या जुन्या कामगारांना हे वर्णन अनोळखी वाटणार नाही. दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार क्षयासारखा दिसतो आणि क्षयाची औषधे घेऊनही उतरत नाही. मोठ्या आवाजात राबणाऱ्याला बहिरेपण येते. हे तिन्ही आजार कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून आहेत व ते अपघाताप्रमाणेच भरपाईला पात्र ठरतात. खोकला किंवा दम घेऊन डॉक्टरकडे जाल, तेव्हा काय काम करता आणि किती वर्षांपासून, हे न विचारता सांगा.

तीन वेगळी गाठोडी

भरपाई, विमा आणि सानुग्रह अनुदान यांत लोकांचा नेहमी घोळ होतो.

मालकाची भरपाई आपण वर पाहिली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कामगार राज्य विमा लागू असेल, तर मालकाऐवजी विमा महामंडळ पैसे देते. दोन्हीकडून मिळत नाही. या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १ जानेवारी २०१७ पासून त्यासाठी पगाराची मर्यादा २१,००० रुपये ठरली. कामावरची इजा असेल तर पहिल्या दिवसापासून हक्क असतो, किती महिने वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. पगारातून कपात होत असेल तर आपला विमा क्रमांक घरी लिहून ठेवा.

दुसरे, स्वतःचा विमा. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना पुष्कळांची आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा पूर्ण गेल्यास एक लाख. एखादे बोट गेले तर यात काही मिळत नाही, मालकाच्या भरपाईत मात्र मिळते. म्हणून 'विम्यात बसत नाही' असे ऐकून माघारी फिरू नका, कोणत्या विम्यात ते विचारा. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पैसे नसले, तर हे संरक्षण तुटते. वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे तेही तपासा. लग्नाआधी आईचे नाव लावलेले कित्येकांनी बदललेले नसते.

तिसरे, शासनाचे अनुदान. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असलेला कामगार कामावर असताना मरण पावला, तर वारसांना पाच लाख, नैसर्गिक मृत्यू असेल तर दोन लाख. येथेही सगळा भार 'कामावर असताना' या शब्दांवरच आहे.

इजा झाल्यावर काय करावे?

१. बोट तुटले असेल तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका. जखमेवर दाबून पट्टी बांधा, हात वर धरा. हळद, चुना, माती लावू नका.

२. फवारणीची विषबाधा असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. तोंडाने काही पाजू नका. उशीर न करता जवळच्या रुग्णालयात न्या.

३. तारीख, वेळ, जागा, काम आणि मालकाचे नाव डॉक्टरला सांगा व ते कागदावर आले की नाही ते पाहा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावे.

४. यंत्राची मोठी इजा, भाजणे व विषबाधा यांची पोलिसांना वर्दी देणे हे डॉक्टरचे काम आहे. त्याने कोणावर आपोआप गुन्हा दाखल होत नाही. "वर्दी देऊ नका" असा आग्रह धरू नका, पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

५. मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाला नकार देऊ नका. दुःखाच्या वेळी हे कठीण असते, मला माहीत आहे. पण तो अहवाल नसला तर दावा पुढे सरकत नाही.

६. मालकाला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. रुग्णालयातील नोंदींची प्रत मागितल्यावर ती बहात्तर तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

७. दाव्यासाठी कामगार कार्यालयात चौकशी करा. वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पात्र व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळतो.

एक विनंती शेवटी करतो. कामावर न झालेली इजा कामावर झाली असे लिहून द्या, असा आग्रह कोणत्याही डॉक्टरकडे धरू नका. खोटा कागद एका माणसाला फायदा देतो आणि पुढच्या दहा खऱ्या माणसांवर संशय आणतो. खरे घडले असेल ते मात्र न भिता सांगा. ज्यांना या माहितीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांतले पुष्कळ जण वर्तमानपत्र वाचत नाहीत. तेव्हा आपल्या शेतावर, जिनात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसांना हे दोन मिनिटे वाचून दाखवा.